आधी सही, मग शाल

तातेराव सोनकांबळे यांनी उभ्या आयुष्यात एकदाच घाई केली, आणि तीसुद्धा नेमकी नको त्या जागी. एरवी माणूस मोठा सबुरीचा. एकतीस वर्षं सरकारी जीप चालवली, पण सिग्नल पिवळा झाला की यांचा पाय ब्रेकवर. मागून साहेब ओरडायचे, "चलो तातेराव, चलो!" तातेराव म्हणायचे, "हौ साब," आणि गाडी जागच्या जागी उभी.

अशा माणसानं घाई केली ती मुलीच्या सत्काराची.

हैदराबादच्या मलकपेठेतली ही वस्ती बौद्ध मंडळींची, बहुतेक सगळी बाप-आजाच्या काळात नांदेड-परभणीकडून आलेली. तिथल्या विहारात एक पद्धत होती. वस्तीतलं पोर सरकारी नोकरीला लागलं की रविवारी वंदना झाल्यावर त्याचा सत्कार. शाल, गुच्छ, सत्कारमूर्तीचे दोन शब्द आणि वर चहा-चिवडा. पण नियम कडक होता, आणि तो समितीचे अध्यक्ष हिम्मतराव यांनी घालून दिला होता: आधी सही, मग शाल. म्हणजे कचेरीत हजर होऊन हजेरीपटावर सही केल्याशिवाय शाल खांद्यावर पडायची नाही. मागं एकदा एका पोराचा सत्कार आधीच उरकला आणि त्याची ऑर्डरच रद्द झाली. बिचारा वर्षभर तोंड चुकवत फिरत होता.

रेणुकाची ऑर्डर आली १९९६च्या नोव्हेंबरात. कनिष्ठ लिपिक, कायम जागा, महिन्याच्या आत हजर व्हावे. तातेरावांनी तो कागद इतक्यांदा वाचला की घड्या विरायला आल्या. आणि रेणुका आपली रोज म्हणायची, "जाईन हो अप्पा, अजून दिवस आहेत." त्यात हिम्मतराव निघाले दोन महिन्यांसाठी नातवाकडे. अध्यक्षांशिवाय सत्कार म्हणजे काय राव! तातेराव जाऊन त्यांच्या ओट्यावर बसले आणि उठेचनात.

"ऑर्डर हातात हाय. शिक्का हाय, सही हाय. अजून काय पायजे? माझी पोरगी कुठं पळून चालली का?"

हिम्मतराव विरघळले. पुढचा रविवार ठरला. हजर व्हायची मुदत त्यानंतर आठ दिवसांनी, सोमवारी संपत होती.

आता पोरगी पळून जाणार नव्हती हे खरं. पण त्याच आठवड्यात तिच्या नावाचा दुसराही एक लखोटा आला होता, आणि तो तिनं तांदळाच्या डब्याखाली दडवून ठेवला होता. मोटार शिकवण्याच्या शाळेचा परवाना होता तो.

हे कसं झालं ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल की पोरीचं डोकंच फिरलं.

रेणुकाला गाडी शिकवली ती तातेरावांनीच. ती सतरा वर्षांची असताना रेसकोर्समागच्या मोकळ्या रस्त्यावर, एका ओळखीच्या मेकॅनिकची खटारा जीप मागून आणून. का शिकवली? तर मुलगा नव्हता, हौस होती, आणि हातात दुसरं देण्यासारखं काही नव्हतं. पोरगी पण अशी, की तिसऱ्या दिवशी गिअर टाकताना आवाज येईना. तातेराव तेव्हा इतके खूश झाले की तिला दोन प्लेट मिरची भजी चारली. मग झालं, हौस संपली. पोरगी बी. कॉम. झाली, टायपिंग झालं, आणि काचीगुड्याला एका ट्रॅव्हल कंपनीच्या ऑफिसात हंगामी म्हणून फोन उचलायला बसली. सव्वीस वर्षांची झाली. लग्नाची स्थळं येत होती, आधी नोकरी कायम होऊ दे म्हणून तातेराव थांबवत होते.

त्या ऑफिसात एक दिवस मंगलाकाकू आल्या. पुण्याच्या, वय पंचावन्न, मुलगा अविनाश कॉम्प्युटर कंपनीत लागला म्हणून त्याच्यापाठोपाठ हैदराबादला आलेल्या. पुण्याचं तिकीट काढायला आल्या आणि त्यांचा ड्रायव्हर गाडी बरोब्बर गल्लीच्या तोंडाशी लावून चहाला गेला. मागून बस आली. बसवाल्यानं हॉर्नवर जो हात ठेवला तो काढेना. माणसं जमली, तेलुगूत आणि दखनीत मिळून मंगलाकाकूंचा उद्धार सुरू झाला. काकूंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण सूर कळत होता. रेणुका उठली, गाडीतच लटकत ठेवलेली किल्ली फिरवली, आणि बस आणि भिंत यांच्या मधून, दोन्हीकडे वीतभर जागा ठेवून, गाडी उलटी काढून रस्त्याला लावून दिली. बसवाला हॉर्न वाजवायचंच विसरला.

"अगं, कुठं शिकलीस तू हे?" काकू म्हणाल्या.

"अप्पांकडं."

"मला शिकव. आजपासून."

काकू असल्या हट्टी, की खरंच दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गाडी घेऊन तो ड्रायव्हर रेसकोर्समागच्या रस्त्यावर हजर, आणि काकू मागं पदर खोचून तयार. त्यांच्यापाठोपाठ त्यांच्या बिल्डिंगमधल्या तिघी आल्या. मग एक तेलुगू डॉक्टरीण, मग मलकपेठेतल्या दोन मुसलमान बहिणी, ज्यांच्या घरचे म्हणाले की शिकवणारी बाई असेल तरच. बारा-तेरा जणी झाल्या. त्या वर्षांत दारोदार नव्या गाड्या येत होत्या, आणि घरोघर बायका त्या गाड्यांवर फक्त फडका मारत होत्या. रेणुकानं हे पाहिलं आणि तिच्या डोक्यात ते शिरलं ते शिरलंच. साठवलेलं सगळं घालून तिनं दहा वर्षांची जुनी मारुती घेतली. अफझलगंजला मेकॅनिक शब्बीरभाईंनी तिला शिकवणाऱ्याच्या बाजूला दुसरा ब्रेक बसवून दिला आणि म्हणाले, "अम्मां, दो बिरेक हो गये, अब डरने का नक्को."

घरी सांगितलं होतं की गाडी ऑफिसची आहे.

म्हणजे बघा, एका बाजूला कायम नोकरी, पेन्शन, पंख्याखालचं टेबल. दुसऱ्या बाजूला एक जुनी गाडी आणि तेरा बायका. कुणीही शहाणा माणूस काय निवडेल? रेणुकालाही ते कळत होतं. ती काही भोळी नव्हती. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त अप्पांचं तोंड डोळ्यांसमोर येत होतं. नोकरी सोडायला तिची तयारी होती. अप्पा सुटतील की काय, ही धास्ती होती. म्हणून ती दिवस ढकलत होती, आणि तेवढ्यात तातेरावांनी सत्कार उरकायला घेतला.

रविवारी विहार भरला. तातेराव नव्या सदऱ्यात, त्यांची बायको कोंडाबाई ठेवणीतल्या पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत. हिम्मतरावांनी शाल घातली, फोटो निघाला, आणि माईक रेणुकाच्या हातात आला. दोन शब्द.

तिनं सगळ्यांना जय भीम केला. समोर अप्पा. त्यांचा चेहरा असा फुललेला होता की तिला वाटलं, जाऊ दे, हो म्हणून टाकावं. महिनाभर जावं, मग बघू. पण ती स्वतःला ओळखून होती. एकदा सही केली की महिन्याचं वर्ष होणार आणि वर्षाची पस्तीस. आणि शाल अंगावर घेऊन खोटं बोलायचं तिच्यानं होईना.

"मी ही नोकरी घेणार नाही," ती म्हणाली. "मी बायकांना गाडी शिकवायची शाळा काढली आहे. परवाना आलाय. अप्पांना माहीत नाही. त्यांची काही चूक नाही, माझी आहे. मला माफ करा."

शेवटच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला ऐकू कमी यायचं. त्यानं जोरजोरात टाळ्या वाजवल्या आणि मग एकटाच आहे हे पाहून थांबला. रेणुकानं शालीची घडी केली, हिम्मतरावांच्या हातात दिली आणि खाली उतरली. तातेराव तोवर दाराबाहेर गेले होते.

घरी गेल्यावर जे व्हायचं ते झालं. तातेराव ओरडणारा माणूस नव्हे, पण त्या दिवशी त्यांचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत गेला.

"एकतीस वर्षं दार उघडलं मी! साहेबाचं दार, बाईसाहेबाचं दार, त्यांच्या कुत्र्याचं बी दार! उन्हात गाडीपाशी उभा राहिलो. कशासाठी? माझ्या पोरीनं टेबलापाशी बसावं म्हणून. आन तू म्हणती, ड्रायव्हर होते?"

"ड्रायव्हर नाही अप्पा, शिकवते."

"येकच ते! साहेब लोकाच्या पोरींनी नोकरी सोडली तर त्यांच्या बापाचा बंगला असतो. तुझ्या बापाचं काय हाय?"

ते तर खरंच होतं. रेणुका म्हणाली, "पडले तर माझी मी उठीन. तुमच्यापुढं हात पसरायला येणार नाही. मला भीती वाटतीय अप्पा, खोटं कशाला बोलू? पण त्या टेबलाशी पस्तीस वर्षं बसायचं म्हटलं की गुदमरायला होतंय. गाडीत बसले की तसं होत नाही."

त्यानंतर तातेरावांनी बोलणंच टाकलं. म्हणजे बोलायचे, पण कोंडाबाईमार्फत. रेणुका समोर जेवायला बसलेली, आणि हे म्हणणार, "कोंडा, तिला सांग, मीठ सरकव." दोन दिवस कोंडाबाईनं निरोप पोचवले. तिसऱ्या दिवशी तिनं पोळपाटावर लाटणं आपटलं.

"मी काय टपालखात्यात हाय का? तोंड हाय ना तुम्हाला? आन इतकं वाईट हाय गाडी चालवणं, तर शिकवलं कशाला तिला? त्या दिवशी भजी चारत होता तवा काय ती खुर्चीत बसली होती? काल ती मला बाजारात घेऊन गेली. पुढच्या शिटावर बसवलं. तुमच्या एकतीस वर्षांत मला कधी गाडीत बसायला मिळालं का, सांगा बरं!"

सरकारी गाडीत घरच्या माणसाला बसवायचं नसतं, असं तातेराव पुटपुटले. पण त्यांचा घास हातातच राहिला. कोंडाबाईनं वरून आमटी वाढली आणि विषय संपवला.

रविवारी संध्याकाळी, मुदतीच्या आदल्या दिवशी, रेणुका टेबलाशी कागद घेऊन बसली होती. तातेराव मागं येऊन उभे राहिले. आठ दिवसांत पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलले.

"काय लिहिती?"

"नोकरी नको म्हणून पत्र. नुसतं न गेलं तरी चालतं, पण मग जागा तशीच अडकून पडते. लिहून दिलं तर यादीतल्या पुढच्याला लगेच बोलावतात."

तातेराव कागदावर वाकले. जागा राखीव यादीतली होती. पुढचा माणूसही आपल्यासारखाच कुणाचा तरी पोरगा किंवा पोरगी असणार, त्याचाही बाप रोज टपालाची वाट बघत असणार. रेणुकाला वाटलं, आता हे पुन्हा कोंडाबाईला हाक मारणार.

"वाच," ते म्हणाले. "मराठीत सांग."

"घरगुती अडचणीमुळे मी हजर होऊ शकत नाही..."

"थांब. कसली अडचण?"

"असंच लिहितात अप्पा सगळे."

"लिहू दे सगळे. आपल्या घरात कसली अडचण हाय? तुझी माय धडधाकट, मी धडधाकट. उद्या तो क्लार्क म्हणंल, सोनकांबळेच्या घरी काय तरी भानगड झाली. खोड ते." त्यांनी कागदावर बोट टेकवलं. "लिही, माझ्या खुशीनं सोडते. माझा स्वतःचा धंदा हाय, म्हणून."

रेणुकानं नवा कागद घेतला. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून तिला मान बरीच वर धरून लिहावं लागलं. तातेराव म्हणाले, "आन उद्या मी येतो संगं. पत्र हातानं द्यायचं. शिक्का मारून पोच घ्यायची."

सोमवारी सकाळी दहाला मंगलाकाकूंचा तास होता. तो मोडायचा नाही, असं रेणुकानं ठरवलं होतं. कचेरीपर्यंत काकूच गाडी चालवत नेतील, तेवढाच सराव. काकू रिक्षातून उतरल्या. तातेराव पुढं झाले आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं गाडीचं मागचं दार उघडून, मान किंचित झुकवून उभे राहिले.

"अहो, मी मागं बसले तर चालवणार कोण?" काकू म्हणाल्या आणि वळसा घालून स्टिअरिंगपाशी जाऊन बसल्या. त्यांच्या शेजारी, दुसऱ्या ब्रेकवर, रेणुका. उरली मागची सीट. दार तर तातेरावांच्याच हातात उघडं होतं. ते दोन क्षण घुटमळले, मग बसले, सीटच्या अगदी कडेला, परक्याच्या घरी बसतात तसे.

मलकपेठ सुटेपर्यंत ते सभ्यपणे गप्प होते. पुढं मात्र त्यांच्यातला ड्रायव्हर जागा झाला.

"बाई, ब्रेक! ब्रेक! तो सायकलवाला... हां. आता थर्ड टाका. थर्ड, थर्ड!"

"अगं रेणुका, हे माझे सर का तू?" काकू घामाघूम होऊन म्हणाल्या.

"अप्पा, तुम्ही गप बसा ना."

"मी कुठं काय म्हणालो?" तातेराव म्हणाले, आणि अफझलगंजच्या पुलावर पुन्हा, "बाई, ट्रक! ट्रक!" रेणुकाला हसू आवरेना. आठ दिवस घरात जे कोंडलं होतं ते सगळं त्या हसण्यातून बाहेर पडलं, आणि काकूही हसायला लागल्या, आणि गाडी पुलावर बंद पडली.

कचेरीच्या फाटकात जुना चपराशी बसला होता. तातेरावांना पाहून उठला. "क्या तातेरावभाई, आज किसकू लाये?"

"लाया नै रे," तातेराव मागच्या दारातून उतरत म्हणाले. "आज मैं खुद आयूं."

पत्र दिलं. क्लार्कनं ते वाचलं, चष्म्यावरून रेणुकाकडं पाहिलं, परत वाचलं. "पक्का? बाद में रोना नक्को." रेणुकानं मान डोलावली. शिक्का बसल्याचा आवाज झाला आणि तिला वाटलं, गेलं, आता हे परत येणार नाही. शेजारी तातेरावांनीही एक मोठा श्वास सोडला. मग त्यांनी टेबलावर वाकून विचारलं, पुढचं नाव कुणाचं? आदिलाबादची एक मुलगी होती.

"उसकू आजच लेटर भेजो साब," तातेराव म्हणाले. "आज के टपाल में."

पोच घडी करून त्यांनी खिशात घातली.

बाहेर पडायला कचेरीच्या आवारातून रस्त्यावर एक उभा चढ होता. काकूंनी चढावर गाडी घेतली आणि ती बंद पडली. पुन्हा लावली, पुन्हा बंद, आणि शिवाय दोन हात मागं घसरली. मागं एक सरकारी जीप येऊन थांबली, तिच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. काकूंनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मला नाही जमायचं. आणि तुम्ही मागून सारखं हुं हुं करताय ते आधी थांबवा, नाहीतर पुढं येऊन तुम्हीच शिकवा!"

रेणुकानं मागं पाहिलं. तातेराव चढाकडं बघत होते; त्यांचा उजवा पाय मोकळ्या जागेत आपोआप दाबला जात होता. तिनं हँडब्रेक ओढला, खाली उतरली आणि तिच्या बाजूचं दार उघडून धरलं.

"या अप्पा."

ते आले. बसले. दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून त्यांनी तो एकदा दाबून पाहिला. रेणुका मागं जाऊन बसली. मागच्या जीपनं पुन्हा हॉर्न दिला, पण तातेरावांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

"घाई नाही करायची बाई. वाजवू दे त्याला. गाडी सुरू करा, फर्स्ट टाका. क्लच हळूहळू सोडा. अजून. आता गाडी थरथरली का? पायाला लागलं का? तिथंच धरा. आता हँडब्रेक सोडा आन थोडा गॅस."

गाडी थरथरली, क्षणभर जागीच तोललेली राहिली आणि सरळ वर चढली. काकूंनी लहान मुलीसारखी किंकाळी मारली. रस्त्याला लागून गाडी कडेला थांबवली, आणि मोठ्या आदरानं, मान वळवून त्या म्हणाल्या, "आलं की हो! परत एकदा करू का, सर?"

तातेराव ताडकन सावरून बसले आणि झटकन मागं वळून बघू लागले, कोण साहेब आले म्हणून.

मागं रेणुका बसली होती. दुसरं कुणी नव्हतं.

"तुम्हालाच म्हणतायत अप्पा," ती म्हणाली.

तातेराव पुढं वळले. त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं एकदा तोंड पुसलं. मग त्यांनी हातानंच काकूंना खूण केली, की हो, करा परत.